गोठणीवरची सुपाळी

पहिल्यांदा मी तिला बघितलं तेव्हा ती आमच्या उकिरड्यात वाकून उभी होती. पायात गमबूट, पाठीला बॅग, हातात चिमटा. मी भैरोबाला दिवा लावून घरी येत होते. वीस वर्षं होऊन गेली त्याला, पण सकाळच्या पारी आपल्या उकिरड्यात परकी बाई वाकलेली दिसली तर ते कोण विसरेल?

"काय हरवलं गं तुझं?" मी विचारलं.

ती दचकली नाही की लाजली नाही. सरळ झाली आणि चिमट्यात धरलेला अळंबीचा देठ माझ्यापुढं धरला. "मावशी, ह्या इथं कुणी टाकल्या?"

"उकिरड्यात टाकणारे नाव लिहून टाकत नाहीत."

ती हसली. उकिरड्यातले आणखी देठ वेचून सगळे कागदाच्या पुडीत घातले, पुडीवर काहीबाही लिहिलं आणि मग नाव सांगितलं. तबस्सुम मुल्ला. कराडकडच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि डोंगराडोंगरांतून रानातल्या अळंब्यांची नोंद करत फिरत होती. सरपंचानं तिला सांगितलं होतं, उंबरण्यात अळंबीचं काही विचारायचं तर गजराबाई शेलारांकडं जा. चार दिवस राहायचं होतं तिला, पंचमीपर्यंत.

सरपंचानं चुकीचं काही सांगितलं नव्हतं. आमच्या गावात पावसाळ्यात अळंबी चुलीवर चढायची ती मी 'खा' म्हटल्यावर. बायका पहाटे रानातून येताना आपापल्या पाट्या आमच्या ओसरीवर ठेवून धारा काढायला जायच्या. मी देवाचं आटपून आले की एकेक येऊन समोर बसायची. मी विचारायची, कुठली? ती सांगायची, देवराईतली, खालच्या वारुळाची, गोठणीवरची. जागा ऐकली की मी सांगायची, खा, नाहीतर टाक. पाटीत हात घालायचीसुद्धा गरज पडायची नाही. कधीमधी आमच्या आळीची पारूबाई कुरकुरायची, की पाटी ठेवली तेव्हा भरलेली होती, आता हलकी कशी लागते. मी तिला म्हणायची, तुझे डोळेच मोठे आहेत, त्याला पाटी काय करेल.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली. पण हे शाळेत शिकवायचं कामच नव्हतं. माझ्या सासूनं मला अळंब्या शिकवल्या नाहीत, जागा शिकवल्या. गोठण, वारूळ साऱ्या गावाला ठाऊक; पण तिथं नेमकी कुठल्या झाडाजाळीशी चांगली उगवते, अशा नऊ जागा. तिला तिच्या सासूनं दाखवलेल्या. सुनेशिवाय कुणाला दाखवायच्या नाहीत, पोटच्या लेकीलाही नाहीत, कारण लेक ते दुसऱ्याच्या घरी घेऊन जाते. जी जागा एकदा चांगली ठरली ती चांगलीच, हा सासूचा हिशेब. मी तो तीस वर्षं चालवला.

तीस वर्षांत एकदाच बाधलं. तेही आमच्याच घरात.

तबस्सुम येण्याच्या दोन वर्षं आधी. माझी सून वैजयंता घरात येऊन दुसरा पावसाळा होता. मी तिला पहिली जागा दाखवली, गोठणीवरची. पूर्वी तिथं दुपारची गुरं बसत म्हणून ते नाव. तिथं सुपाळी उगवते. सुपाएवढी पसरते म्हणून आम्ही तिला सुपाळी म्हणतो. वैजयंता पाटीभर घेऊन आली. मी निवडली, मीच फोडणीला टाकली. जेवून तास झाला असेल, मालकांनी ओकायला सुरुवात केली. मग माझा लेक आनंदा, मग मी. मालकांना जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यावं लागलं, तीन दिवस सलाईनवर होते. डॉक्टर म्हणाला, थोडक्यात निभावलं.

वैजयंताला काही झालं नाही. ती सगळ्यांत शेवटी जेवायची आणि तिच्यापर्यंत भाजी उरली नव्हती. रात्रभर तिनंच आमचं काढलं. पण बायकांच्या तोंडी तेच आलं, की सगळं घर लोळलं आणि ही तेवढी ठणठणीत कशी. मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, तोंडात पाणी ठरत नव्हतं, आणि चारचौघींत मी सांगितलं, मी निवडल्या त्या चांगल्याच होत्या. हिनं मागाहून कुत्र्याच्या छत्र्या मिसळल्या असतील. हिला कुठलं कळतंय.

मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. वाटावं असं मला वाटत होतं, असं म्हणा हवं तर.

तेव्हापासून गावात तिच्या हातचं कुणी खाईना. जत्रेच्या पुरणाला तिला पीठ मळू दिलं नाही. हळदीकुंकवाला तिनं दिलेला प्रसाद बायका पदरात बांधायच्या आणि कोपऱ्यावर जाऊन गाईला घालायच्या. मी तिला अळंबीला हात लावू नको म्हणून बजावलं होतं. राहिलेल्या आठ जागा माझ्याच पोटात राहिल्या. आणि ती दोन वर्षांत एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर मला बरं गेलं असतं. भांडण मला येतं.

आता त्या पंचमीला तिचा भाऊ सहदेव मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला येणार होता. दर वर्षीच यायचा. पंचमीला माहेरी जाणारी बाई पिशवी भरते. वैजयंतानं ट्रंक भरली होती. मी पाहिलं ते. तळाला लग्नातला शालू, वर तिचा आरसा, आईनं दिलेला तांब्या. भिंतीवरचा तिचा नि आनंदाचा फोटो तेवढा तिनं तिथंच राहू दिला होता.

आनंदा मला गोठ्यात म्हणाला, "आई, ती परत यायची न्हाई."

"एसटी दोन्ही बाजूंनी चालते," मी म्हणाले. "यायचं असलं तर येईल."

असं म्हणाले खरी. पण ट्रंक दिसल्यापासून मी ताटातली भाकरी गोठ्यात जनावरांपुढं टाकत होते. ते मी कुणाला कळू दिलं नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

तर अशा घरात ती तबस्सुम येऊन उतरली. पहिल्याच दिवशी वैजयंतानं चहा केला आणि दारातच उभी राहिली. पाहुण्यांना कप मी द्यायचा असं ठरून गेलं होतं. मी उठेपर्यंत ही पोरगी आपली उठली, तिच्या हातातून कप घेतला, घोट घेतला आणि म्हणाली, "वहिनी, उद्या साखर एक चमचा कमी." वैजयंता रिकामी बशी हातात धरून तशीच उभी राहिली. मी तिकडं बघितलं नाही.

तबस्सुमची नोंद करायची तऱ्हा बघण्यासारखी होती. अळंबी दिसली की ही आधी तिच्यापुढं गुडघ्यावर बसायची. शेजारी छोटी पट्टी ठेवून फोटो काढायची, मग वास घ्यायची, मग वहीत चित्र काढायची. टोपी किती बोटं, खालचे पापुद्रे कसे, देठाला कडं आहे का, बुडाशी पिशवी आहे का, कुठल्या झाडाखाली, कुठल्या मातीत. मी म्हटलं, एवढी चौकशी तर आम्ही आनंदासाठी मुलगी बघताना केली नव्हती. ती म्हणाली, "म्हणून तर वहिनी इतक्या चांगल्या मिळाल्या, मावशी. नशीब काढलंत." मी तिला पुढची अळंबी दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी तिला अकरा नावं सांगितली. वारुळावरची, बांबूतली, कारवीच्या मुळाशी येते ती, पावसानं आठवडाभर उघडीप दिली की येते ती. ती सगळं लिहून घेत होती आणि माझी मान ताठ होत होती. पण जागा विचारली की मी म्हणायची, जमिनीवर उगवते. तीनदा विचारून तिनं वही मिटली.

"मावशी, तुमची जागा मला नको. तुमच्या सासूबाईंची शपथ असेल तर ती तुमच्याजवळ राहू दे. मला जागेचं रूप सांगा फक्त."

"आणि रूप कळून काय करणार?"

"दोन अळंब्या बहिणीसारख्या दिसतात. एक जेवायला घालते, एक दवाखान्यात घालते. मला त्या बहिणी वेगळ्या करायच्या असतात. कुठं उगवली हा एक पुरावा झाला. एका पुराव्यावर कुणाला सोडत नाहीत आणि फाशीही देत नाहीत."

मला ते लागलं. वैजयंता आत तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला होता.

तिसऱ्या दिवशी, पंचमीच्या आदल्या सकाळी, मी तबस्सुमला म्हणाले, चल, तुला गोठण दाखवते. का म्हणाले? सासूची शपथ मोडून परक्या पोरीला जागा दाखवायची, हे माझ्यासारखीनं का करावं? मला तिला माझं खरं करून दाखवायचं होतं. तिच्या त्या वहीत माझ्या जागेचं नाव चांगल्या अक्षरात बसलं पाहिजे, म्हणजे माझी जागा चांगली होती हे कुणीतरी शिकलेल्या माणसानं लिहून ठेवल्यासारखं होईल. आणि मग ट्रंक भरून निघालेली सून, ती तिच्या कर्मानं निघाली असं मला म्हणता येईल.

गोठणीवर गवत ओलं होतं. त्याच्या पाच-सहा वर्षं आधी शेजारी पाण्याची टाकी झाली, तेव्हापासून पुन्हा तिथं गुरं बसायला लागली होती. जिकडंतिकडं शेणाचे पो. तबस्सुमनं ते आधी लिहिलं. मी म्हटलं, शेण काय लिहितेस. ती म्हणाली, जमिनीला खायला वेगळं मिळालं की ती उगवतेही वेगळं.

करवंदीच्या जाळीशी दोन सुपाळ्या होत्या. दोन हातांच्या अंतरावर. पांढऱ्या, मध्ये तपकिरी खवले, गळ्यात कडं. मी दोन्ही उपटून तिच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, ही माझ्या सासूची जागा, आजच्या जेवणाला ह्याच करू.

तिनं दोन्ही शेजारी शेजारी गवतावर आडव्या ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसली.

"मावशी, ह्या दोन्ही एकच का?"

"एकाच जागेच्या आहेत."

"मी जागा नाही विचारली."

माझ्याशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. मी तिला म्हणणार होते की तुझ्या आईच्या वयाची आहे मी. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. एका देठावरून बोट फिरवत होती, मग दुसऱ्या. मीही बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा देठाकडं बघितलं म्हणा. एकावर नागाच्या अंगावर असतात तशा तपकिरी नागमोडी रेषा होत्या. दुसरा दुधासारखा गुळगुळीत.

"आज शिजवायच्या नाहीत," ती म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत थांबायचं. त्यांनाच विचारू."

घरी आल्यावर तिनं दोन कागद काढले, अर्धे काळे अर्धे पांढरे. देठ कापून दोन्ही टोप्या कागदावर पापुद्रे खाली करून ठेवल्या आणि माझ्याकडं दोन भांडी मागितली. मी मालकांची आणि आनंदाची पितळी दिली. तिनं त्या वर पालथ्या घातल्या. मालक संध्याकाळी जेवायला बसले तर त्यांच्यापुढं पत्रावळ. ते म्हणाले, "माझ्या पितळीत अळंबी जेवतीय व्हय? जेवू दे. माझ्यापेक्षा तिचा मान मोठा." दोन वर्षांपूर्वी जिवावर बेतलेलं माणूस, पण त्यांनी त्यावरून कधी कुणाला बोल लावला नाही. तेही माझ्या वाट्याचं त्यांनीच सोसलं म्हणायचं.

पंचमी उजाडली. पहिल्या गाडीनं सहदेव आला आणि ओसरीवर बसला. ट्रंक दाराशी आणून ठेवलेली होती. पंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही. वैजयंता उकडायची दिंडं भरत होती. तिच्या हातची शेवटची, असं माझ्या मनात आलं आणि मी उगीचच तिला म्हणाले, पुरण कमी भर, फुटतील. ती बरं म्हणाली.

तबस्सुमनं पहिली पितळी उचलली. टोपी अलगद काढली. कागदाच्या काळ्या अर्ध्यावर पांढरी भुकटी पडली होती, एकेक पापुद्र्याची एकेक रेघ, मधोमधून बाहेर पसरलेली. कुणी चिमटीनं रांगोळी काढावी तशी.

दुसरी पितळी उचलली. ह्या खेपेला पांढरा अर्धा बोलत होता. रांगोळी तशीच, पण हिरवी. दगडावरचं शेवाळ वाळलं की होतं तशी मळकट हिरवी.

"ही ती दवाखान्यात घालणारी," तबस्सुम म्हणाली. "कोवळी असताना खालचे पापुद्रे पांढरेच असतात, कुणालाही सुपाळी वाटेल. पण तिच्या पापुद्र्यांतून रात्रीत गळणाऱ्या भुकटीचा ठसा हिरवा. पोटात गेली की तास-दोन तासांत उलट्या." मग माझ्याकडं वळून तिनं बोट उगारलं, मास्तरीण शाळेतल्या पोराला दाखवते तसं. "आणि मावशी, ठसा पांढरा आला म्हणजे खायला चालते असं धरून बसू नका. जीव घेणाऱ्या काही अळंब्यांचा ठसाही पांढराच असतो. सगळे पुरावे जुळले तरच."

मला माझ्या सासूची जागा दिसत होती, करवंदीची जाळी, दोन हातांचं अंतर.

"एक मला कळत नाही," ती म्हणाली. बॅगेतून तिनं पहिल्या दिवशीची पुडी काढली. "उकिरड्यातले हे देठ. सगळे गुळगुळीत. नक्षीचा एकही नाही. कुणीतरी नेमक्या ह्याच ओळखून वेगळ्या काढल्यात आणि शेणाखाली पुरल्यात. एकदा नाही, बऱ्याचदा. खाली जुने कुजलेलेही होते. तुम्हीच काढता का?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. वैजयंताच्या हातात अर्धं भरलेलं दिंड होतं आणि ते तिथंच राहिलं होतं.

भैरोबाला जाऊन यायला मला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ पाट्या ओसरीवर असतात. पारूबाईची पाटी हलकी होते. दोन वर्षांत गावात कुणाला साधी मळमळ झाली नव्हती, आणि त्याचं पुण्य मी माझ्या पदरात घेऊन मिरवत होते. अळंबीला हात लावू नको म्हणून बजावलेली माझी सून रोज अर्धा तास माझ्या मागं माझं काम करत होती. कुणी बघितलं असतं तर तिला गावानं जिवंत ठेवलं नसतं.

आता जे सांगते ते मी दोन वर्षं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी बाधलं, त्या दिवशी वैजयंतानं चार सुपाळ्या पाटीतून काढून बाजूला ठेवल्या होत्या. मला म्हणाली होती, आत्याबाई, ह्यांच्या देठाला नक्षी न्हाई. मी तिला म्हणाले, जागा माझ्या सासूची आहे, तू नक्षी बघणारी कोण? आणि त्या चारही माझ्या ह्या हातानं मी परत पातेल्यात टाकल्या. ती गप्प बसली. मग मीही तसं काही घडलंच नाही असं धरून चालले, आणि धरून चालता चालता ते खरंच घडलं नाही असं मला वाटायला लागलं.

तबस्सुमनं वहीचं नवं पान उघडलं. हिरवा ठसा पानाशेजारी ठेवला. "गोठणीवर ही कधीपासून येते? कुणी चुकून खाल्ली होती का? काय झालं ते लिहावं लागतं."

"लिवू नका, ताई," वैजयंता दारातून म्हणाली. "हितं कुणाला काय झालं न्हाई."

सहदेवनं मान वर केली. बहिणीवर गावानं काय ठेवलंय हे त्याला ठाऊक होतं. तो तिच्याकडं बघतच राहिला.

मला अजून गप्प बसता आलं असतं. ट्रंक दाराशी होती. अर्ध्या तासात ती गाडीत चढली असती आणि कागदावर काही उमटलं नसतं. माझं नाव राहिलं असतं.

"लिही," मी म्हणाले. "मी सांगते तसं लिही. ही अळंबी दोन वर्षांपूर्वी शेलारांच्या घरात शिजली. सुनेनं ओळखून बाजूला काढली होती. सासूनं परत टाकली. नवरा तीन दिवस दवाखान्यात होता. टाकणारीचं नाव गजराबाई. लिहिलंस?"

"लिहिलं."

"ओळखणारीचं वेगळं लिही. वैजयंता आनंदा शेलार. आणि वाचून दाखव."

तिनं वाचून दाखवलं. आनंदा गोठ्यातून येऊन खांबाला धरून उभा होता. मालक म्हणाले, "आता माझी पितळी धुवून द्या कुणीतरी." मला त्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं, पण मी धरले नाहीत. सवय नाही.

मी आत गेले. वैजयंता खाली बघून दिंडं मोदकपात्रात लावत होती.

"दोन वर्षं तोंड का शिवून ठेवलंस?"

"बोलून कुणी मानलं असतं व्हय, आत्याबाई?"

"आणि मानलं असतं तर?"

तिनं मोदकपात्रावर झाकण ठेवलं. "मानलं असतं तर बायका तुमच्याकडं पाट्या ठेवायच्या थांबल्या असत्या. आपापल्या मनानं शिजवून खाल्ल्या असत्या. मग मी कुणाकुणाच्या घरात शिरून काढणार हुते? तुमच्या ओसरीवर समद्या येत्यात, ते बरं हुतं."

मला वाटलं होतं ती माझ्या भीतीनं गप्प आहे. मग वाटलं, माझी अब्रू राखायला गप्प आहे. ती गावाच्या पोटाचा विचार करून गप्प होती. आणि आता ट्रंक भरून निघाली होती, कारण आणखी एक पावसाळा असा काढायचं तिच्यात उरलं नव्हतं.

"दिंडं उकडली की ताट भर," मी म्हणाले. "वारुळाला चल."

"मी? बायका..."

"बायकांचं मी बघते."

सहदेवला मी सांगितलं, दुसरी गाडी अकराला आहे, बस. तो बसला.

पंचमीला आमच्याकडं सगळ्या बायका खालच्या वारुळाला जातात. लाह्या, दूध, हळद, नव्या बांगड्या. तबस्सुम वही घेऊन मागून आली. वारुळाच्या कुशीला बारक्या अळंब्या उगवल्या होत्या, पण पंचमीला काही उपटायचं नसतं म्हणून ती नुसती चित्र काढत बसली. माझ्यामागं वैजयंता ताट घेऊन आलेली दिसली तशा फुगड्या थांबल्या. मी हिरव्या ठशाचा कागद वर धरला आणि आनंदाकडून किंवा त्या वहीतून गावाला कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून सगळं सांगितलं. वहीत सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. उकिरड्याचंही सांगितलं. आवाज कापला नाही माझा.

माझ्यापेक्षा वयानं मोठ्या असलेल्या दोघी खाली बघायला लागल्या. मग पारूबाई पुढं आली.

"म्हंजी माझी पाटी हलकी करणारी तू व्हय गं?"

वैजयंता म्हणाली, "व्हय, काकी."

"आणि मी मेली मांजराला शिव्या घालत हुते." पारूबाईनं कमरेला खोचलेला पदर सोडला, हात धुतल्यासारखा त्याला पुसला आणि पुढं केला. "आण. तुझ्या हातचं दिंड आण. दोन वरसं गाईनं खाल्लं, आता मला दे."

वैजयंतानं ताटातलं दिंड तिच्या हातावर ठेवलं. पारूबाईनं ते तिथंच उभ्या उभ्या खाल्लं, पदरात बांधलं नाही. मग दुसरीनं हात केला, मग तिसरीनं. पुरण जास्त भरलं होतं, फुटत होती दिंडं. मी काही बोलले नाही.

घरी आल्यावर तिनं ट्रंक उघडली. दोन लुगडी काढून पिशवीत घातली. शालू, आरसा, तांब्या होते तिथं राहू दिले आणि झाकण लावलं. आनंदाला म्हणाली, ही माळ्यावर ठेवा. मग माझ्या पाया पडायला वाकली.

"आठ दिवसांनी येते, आत्याबाई."

मला म्हणायचं होतं ते माझ्या तोंडात बसत नव्हतं. मी म्हणाले, "पाऊस असेपर्यंत ये. आठ जागा दाखवायच्या राहिल्यात."

"जागा बघू," ती म्हणाली. "आधी देठ बघू."

सहदेव हसला. मला चुकून हसू आलं आणि ते मी खोकल्यावर घातलं.

तबस्सुम त्याच गाडीनं गेली, दोघी शेजारी बसून. नंतर ती दर पावसाळ्यात आली, अजून येते. तिची वही पुस्तक झाली. त्यात हिरव्या ठशाच्या पानावर आमच्या गावाचं नाव आहे आणि खाली ओळखणारीचं. माझ्या नातीनं मला ते वाचून दाखवलंय. टाकणारीचं नाव छापताना तबस्सुम काढणार होती. मी काढू दिलं नाही.

बायका अजून पाट्या आमच्या ओसरीवर ठेवतात. समोर आता वैजयंता बसते. कुठली म्हणून ती विचारते, पण ते शेवटी. आधी देठ, मग कडं, मग बूड, मग वास, आणि मन भरलं नाही तर कागदावर टोपी. घरातली सगळी भांडी पावसाळाभर पालथी असतात. मी जेवायला पितळी मागितली की म्हणते, त्यात काम चाललंय.

परवा सकाळी मी स्वतः गोठणीवर गेले होते. गुडघे बोलतात आता, पण गेले. एक सुपाळी आणली, देठाला नागमोडी नक्षी, अशी सुंदर की बघत राहावी. तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, ही मी बघितली आहे, चांगली आहे, आज माझ्यापुरती भाज.

तिनं उचलली, उजेडाला धरली, फिरवली, हुंगली. मग टोपी काळ्यापांढऱ्या कागदावर ठेवून वर माझीच पितळी पालथी घातली.

"उद्या सकाळी, आत्याबाई."

मी पत्रावळ घेतली आणि आमटीभात जेवले.